मदतीने सुटलेले गणित : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

गणेशोत्सवातल्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत दोन गोष्टी दरवर्षी हमखास ऐकायला मिळतात. एक लोकमान्य टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची आणि दुसरी नामदार गोखल्यांच्या गणिताची. टिळकांची गोष्ट सांगताना मुलांचा आवाज चढतो, मूठ वळते आणि टाळ्याही भरपूर पडतात. गोखल्यांच्या गोष्टीतला मुलगा मात्र भर वर्गात रडतो. रडणाऱ्या नायकाच्या वाट्याला टाळ्या जरा कमीच येतात. त्यातून आमचे टी. टी. नगर म्हणजे साक्षात तात्या टोप्यांच्या नावाची वसाहत. इथे शौर्याची गोष्ट आपसूकच जवळची वाटते. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत त्या रडणाऱ्या मुलाचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आम्ही ठरवले.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी एकदा उजळणी करू. गुरुजींनी मुलांना काही गणिते सोडवून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पाट्या-वह्या तपासल्या. सगळी उत्तरे बरोबर असलेला मुलगा एकच निघाला, गोपाळ. त्या काळी वर्गात बसण्याची जागा नंबराप्रमाणे ठरत असे. ज्याचे उत्तर बरोबर, तो वर सरकायचा. ज्याचे चुकले, तो खाली. गुरुजींनी गोपाळला पहिल्या जागेवर येऊन बसायला सांगितले. गोपाळ जागचा हलला नाही, उलट रडू लागला. सगळ्यांना नवल वाटले. मग त्याने हुंदके देत सांगितले, की त्यातले एक गणित त्याचे त्याला सुटले नव्हते, ते त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. तेव्हा ही जागा त्याची नव्हे. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात. कोणी पहिली जागा म्हणतो, कोणी बक्षीस म्हणतो. गाभा तोच राहतो.

या गोष्टीकडे आपण मोठी माणसे जरा हसून पाहतो. एका गणिताचे ते काय एवढे! पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहावे. मदत करणारा काही सांगणार नव्हता. गुरुजी खूश होते. गप्प राहिले असते तर कोणाचे काही बिघडत नव्हते. उलट बोलले तर पहिली जागा जाणार, गुरुजींचे मत खाली येणार आणि मधल्या सुट्टीत मुले वेड्यात काढणार, हे नक्की होते. टिळकांनी टरफले उचलायला नकार दिला, कारण न केलेल्या चुकीची शिक्षा त्यांना मिळत होती. तिथे राग येणे साहजिक आहे आणि रागाचे बळ माणसाला मिळते. गोपाळला न केलेल्या कामाची शाबासकी मिळत होती. ती नाकारायला बळ कुठून आणायचे? शाबासकी कोणाला टोचत नाही, ती त्या मुलाला टोचली.

आणखी एक बारीक गोष्ट. टिळकांनी शेंगा खाणाऱ्या मुलांची नावे सांगितली नाहीत, हे आपण कौतुकाने सांगतो. गोखल्यांच्या गोष्टीतही मदत करणाऱ्याचे नाव आम्ही ऐकलेल्या कोणत्याच रूपात येत नाही. जे सांगायचे ते स्वतःविषयी सांगायचे, दुसऱ्याला त्यात ओढायचे नाही. हे लक्षात ठेवून पुढचे आयुष्य पाहिले, की हे एकच गणित त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा आले, असे आम्हाला वाटते. दर वेळी ते अधिक अवघड होत गेले.

दोन आणे आणि रस्त्यावरचा दिवा

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक या गावी, आजोळी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागल संस्थानात नोकरीला होते. कारकुनीपासून ते फौजदारापर्यंत चढले. पगार बेताचा आणि माणूस सरळ, त्यामुळे शिल्लक अशी फारशी नव्हती. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता.

थोरला भाऊ गोविंदराव तेव्हा स्वतःच शिकत होता. त्याने शिक्षण सोडले आणि कागलातच महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये तो दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवी. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. पुढे कॉलेजच्या खर्चाची वेळ आली, तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले, असे सांगतात. ज्या घरात पैसा असा येतो, त्या घरातल्या मुलाला प्रत्येक आण्याचा हिशेब आपोआप कळू लागतो.

त्या काळातली दुसरी एक गोष्ट चरित्रांत येते. एका सोबत्याने गोपाळला नाटकाला नेले. गोपाळला वाटले, मित्र प्रेमाने नेतो आहे. काही दिवसांनी त्या मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. सोबत्यांमध्ये पैशांवरून वाद घालणे किंवा आपली गरिबी सांगणे गोपाळला जमले नाही. त्याने मुकाट्याने दोन आणे दिले आणि ते भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवले. रात्रीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली केला. चूक मित्राच्या सांगण्यात होती की गोपाळच्या समजण्यात, याचा निवाडा त्याने केला नाही. भाऊ पाठवतो त्या आठ रुपयांतून नाटक पाहिले गेले, एवढेच त्याला बोचले.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करत १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो बी. ए. झाला. त्या काळचा बी. ए. म्हणजे सरकारी नोकरीचा राजरस्ता. भावाचे ऋण फेडायचे तर तोच मार्ग सोपा होता. पण टिळक-आगरकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गोखले महिना ३५ रुपयांवर शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, हा त्या सदस्यत्वाचा करार होता. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. जो विषय अडेल तो शिकवायची त्यांची तयारी असे. एका गणितावरून रडलेल्या या मुलाने पुढे शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले आणि ते खूप चालले, हा योगायोग आम्हाला फार गोड वाटतो.

एकदा हार झाली

चरित्र सांगताना थोरांचे पाय मातीचे होते का, हे आपल्याकडे सहसा सांगत नाहीत. आम्ही ते टाळणार नाही, कारण आपला विषयच दडपणाचा आहे.

गोखल्यांचे पहिले लग्न विद्यार्थिदशेतच झाले होते. पत्नी असाध्य आजाराने पीडित होत्या. घरच्या मंडळींनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला. पहिल्या पत्नीची संमती घेऊन १८८७ साली, त्या हयात असताना, गोखल्यांचे दुसरे लग्न झाले. त्या काळी यात लोकांना वावगे काही वाटत नव्हते. पण गोखले होते आगरकरांचे सहकारी. लवकरच ते सुधारक पत्राची इंग्रजी बाजू सांभाळू लागले. न्यायमूर्ती रानड्यांना त्यांनी गुरू मानले. स्त्रियांच्या हालांविषयी लिहिणाऱ्या मंडळींत बसताना आपल्या घरातली ही गोष्ट त्यांना सलत राहिली. सामाजिक सुधारणेच्या चळवळीत ते पुढे होऊन नेतृत्व करायला कचरत, त्यामागे हीच बोच होती, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

सोबत्यांचे दडपण म्हणजे फक्त वर्गातल्या मुलांचे नव्हे. घरच्या वडीलधाऱ्यांचे, प्रेमाच्या माणसांचे दडपण अधिक भारी असते. त्याला प्रतिकार करावा असेही वाटत नाही. तिथे एकवीस वर्षांचे गोखले वाकले. फरक इतकाच, की ते वाकलो नाही असे भासवून मिरवले नाहीत.

लंडनमधली शाबासकी

रानड्यांच्या हाताखाली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे काम केले. ही शाळा मूळ शाळेपेक्षा कडक होती. सरकारी अहवालांतले आकडे काढायचे, पडताळायचे, मसुदा लिहायचा, रानड्यांनी तो तपासायचा आणि पुन्हा लिहायचा. सोलापूरचे शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी हे त्या काळातले सरकारी जमाखर्चाचे मोठे जाणकार. त्यांच्याकडूनही गोखले शिकले.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. वय अजून एकतीसही पूर्ण नव्हते. जाताना कॅले येथे अपघातात छातीला मार बसला, पण सोबतच्या मंडळींना त्रास नको म्हणून त्यांनी दुखणे अंगावर काढले. साक्ष मात्र अशी दिली, की कमिशनच्या सभासदांच्या उलटतपासणीतही एक आकडा ढळला नाही. दादाभाई नौरोजी, वेडरबर्न यांसारख्या बुजुर्गांनी कौतुक केले.

आता इथे शाळेतला प्रसंग पुन्हा उभा राहतो. सगळी उत्तरे बरोबर आली आहेत, मोठी माणसे पहिल्या जागेवर बसायला बोलावत आहेत. गोखल्यांनी काय केले? कौतुकाची ती पत्रे त्यांनी जोशांकडे पाठवली आणि हे श्रेय तुमचे आणि रानड्यांचे आहे, मी केवळ वाहून नेणारा, अशा अर्थाचे लिहिले. या वेळी मदत करणाऱ्यांची नावे सांगितली, कारण या वेळी नाव सांगण्याने त्यांना मान मिळणार होता. नाव केव्हा सांगावे आणि केव्हा सांगू नये, याची कसोटी पुढच्या दोन-तीन महिन्यांतच लागायची होती.

सर्वांत अवघड गणित

त्याच वर्षी पुण्यात प्लेगने कहर केला होता. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड होता. गोरे शिपाई घरोघर झडत्या घेत होते, माणसे उचलून नेत होते, देवघरात आणि माजघरात बुटांसकट शिरत होते. लोकांचा संताप अनावर झाला होता. पुण्यातल्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसांची पत्रे गोखल्यांना लंडनला येत होती. त्यांत शिपायांच्या अत्याचाराच्या भयंकर हकिगती होत्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. विलायतेत खळबळ उडाली. अशा वेळी गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन पत्राला मुलाखत दिली आणि पत्रांतून कळलेली हकिगत सांगितली. दोन स्त्रियांवर शिपायांनी अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असा तो आरोप होता.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारला. पुरावा द्या, अशी मागणी झाली. गोखल्यांकडे पत्रे होती, पण पत्र म्हणजे पुरावा नव्हे. ते परतीच्या बोटीवर चढले. इकडे जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. नातू बंधूंना तर खटला न चालवताच अटकेत टाकले. पुण्यात भीतीचे सावट पसरले. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना पुढे येऊन साक्ष देणे शक्य नव्हते. आपली नावे बाहेर येऊ नयेत, असे निरोप गोखल्यांना येऊ लागले. बोट मुंबईला लागली तेव्हा पोलिस अधिकारी वाट पाहतच होते.

गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. एक, पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून मोकळे व्हायचे. तशाने आपण खोटे बोललो नाही, हे सिद्ध झाले असते, पण मित्र तुरुंगात गेले असते. दुसरी, आरोपावर अडून राहायचे, पुरावा मागाल तर तुरुंगात टाका म्हणायचे. तशाने ते रातोरात लोकांचे वीर झाले असते. टिळकांच्या अटकेनंतर पुण्याची हवाच तशी होती. तिसरी वाट, जे सिद्ध करता येत नाही ते मी बोललो, हे जाहीरपणे मान्य करून माफी मागायची.

त्यांनी चौकशी करून पाहिली. हकिगतींना आधार मिळेना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रांत निवेदन देऊन गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि शिपाई यांची बिनशर्त माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी एकाचेही नाव घेतले नाही. सगळा दोष स्वतःवर घेतला.

त्यानंतर जे झाले ते शाळेतल्यासारखे झाले नाही. शाळेत निदान गुरुजींनी पाठीवर हात ठेवला असेल. इथे सरकारने तुच्छतेने पाहिले आणि आपल्या माणसांनी भेकड ठरवले. सप्टेंबरात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एक पुढारी तुरुंगात आणि दुसरा माफी मागून मोकळा, ही तुलना प्रत्येकाच्या ओठांवर होती. त्याच डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेसमध्येही गोखल्यांना हा रोष जाणवला. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या अधिवेशनाचा चिटणीस असलेला हा माणूस आता आपल्याच मंडळींत परका झाला होता.

माफीनाम्याची भाषा जरुरीपेक्षा जास्त नमती होती, शिपायांची इतकी भलामण करण्याची गरज नव्हती, असे त्यांच्या मित्रांनाही वाटले. आम्हालाही ते वाटते. पुण्यात जुलूम झालाच नव्हता, असे कोणीही म्हणू शकत नाही. घरांत शिरणे, सामान जाळणे, माणसांची अवहेलना हे सारे खरेच होते. पण प्रश्न त्या एका आरोपाचा होता. तो आरोप सिद्ध होत नव्हता आणि एवढा मोठा आरोप ऐकीव माहितीवर केला, ही आपली चूक आहे, हे गोखल्यांना पटले होते. आपल्या बाजूचा जुलूम खरा असला म्हणून आपले न पडताळलेले वाक्यही खरे मानावे का? गर्दी म्हणते, हो. गणिताचा मास्तर म्हणतो, नाही. बाकी सारी गणिते बरोबर असली तरी एक उत्तर आपले नव्हे, हे सांगावेच लागते.

या माणसाने पुढे काय केले, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. रुसून घरी बसले नाहीत. वर्तमानपत्रांत खुलाशावर खुलासे लिहिले नाहीत. प्लेग पुन्हा आला तेव्हा रोग्यांच्या मदतीला स्वयंसेवक म्हणून उभे राहिले. कॉलेजात तास घेत राहिले. बोलण्याने गेलेली पत त्यांनी कामाने परत मिळवली. १८९९ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले.

सरकारचे उत्तर तपासणारा मास्तर

१९०२ साली गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार दरवर्षी शिल्लक दाखवत होते आणि ही देशाच्या भरभराटीची खूण आहे, असे सांगत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवले, की ही शिल्लक भरभराटीची नसून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या करांची आणि रुपयाचा भाव वाढवल्याची आहे. थोडक्यात, उत्तर बरोबर दिसते, पण गणित प्रामाणिकपणे सोडवलेले नाही.

गरिबाच्या मिठावरचा कर त्यांनी लावून धरला. तो मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया, असा तो उतरत गेला. गोखले बोलायला उठले की सरकारी बाकांवरची माणसे सावध होत. कारण हा माणूस न पडताळलेला आकडा तोंडातून काढत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. १८९७ चा धडा त्यांनी असा जन्मभर गिरवला.

१२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनमागच्या टेकडीवर त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यात येणाऱ्याने देशाचा विचार आधी करायचा, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही आणि कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, अशा शपथा होत्या. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अमरावतीत ज्यांच्याविषयी कुजबुज होती, त्यांनाच आठ वर्षांनी त्याच संस्थेने पहिल्या जागेवर बसवले.

१९११ च्या मार्चमध्ये त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये ते करून दाखवलेच होते. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. आठ रुपयांच्या मनीऑर्डरीवर शिकलेल्या माणसाला शाळेत न जाणारी मुले दिसत होती, यात नवल नाही.

गुरू आणि शिष्य

महात्मा गांधी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानत. गांधीजींच्या बालपणातही असाच एक प्रसंग आहे. राजकोटच्या शाळेत तपासणीला इंग्रज अधिकारी आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. लहानग्या मोहनचा किटलीसाठीचा शब्द चुकला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावले, शेजाऱ्याच्या पाटीवर बघ म्हणून. मोहनला ते समजलेच नाही, कारण शिक्षक नक्कल करू नये म्हणून उभे असतात, अशी त्याची समजूत होती. सर्व मुलांचे शब्द बरोबर आले आणि तो एकटाच बावळट ठरला.

गुरूने मिळालेली मदत कबूल केली, शिष्याला समोर ठेवलेली मदत दिसलीच नाही. दोघांच्या स्वभावात पुष्कळ अंतर होते. गांधीजींचे काही विचार गोखल्यांना पटत नसत आणि ते तसे स्पष्ट सांगत. तरीही १९१२ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना ते दक्षिण आफ्रिकेत गेले, हिंदी मजुरांच्या स्थितीची पाहणी केली आणि तिथल्या मंत्र्यांशी बोलणी केली. १९१४ मध्ये सरकारने सर ही पदवी देऊ केली. गोखल्यांनी ती घेतली नाही. पहिल्या जागेचा मोह शाळेतच सुटला होता.

मधुमेह आणि श्रम यांनी शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. अंत्यसंस्काराच्या वेळी लोकमान्य टिळक स्मशानात आले. आयुष्यभराचा मतभेद बाजूला ठेवून त्यांनी गोखल्यांचा गौरव केला आणि तरुणांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितले. टरफलांचा मुलगा गणिताच्या मुलाला निरोप द्यायला आला होता. वक्तृत्व स्पर्धेत गोष्ट सांगणाऱ्या मुलांना हा शेवटही सांगायला हवा.

आज आपल्या घरी

आता आपल्याकडे वळू. आमची मुले ज्या जगात शिकतात, तिथे मदतीने सुटलेले गणित ही नित्याची गोष्ट झाली आहे. प्रकल्पाची वही बाजारात तयार मिळते. कोचिंगच्या गटात उत्तरे मोबाइलवर फिरतात. जो मुलगा घेत नाही, त्याला शहाणा समजतोस का स्वतःला, असे विचारले जाते. जी मुलगी देत नाही, तिला वाढदिवसाला बोलावत नाहीत. दडपण हे असे असते. कोणी मारत नाही, फक्त एकटे पाडतात. त्याची मोठी रूपे आपण भोपाळकरांनी जवळून पाहिली आहेत. २०१३ नंतर एका परीक्षा मंडळाच्या नावाने आपले शहर देशभर ओळखले गेले. दुसऱ्याने बसून दिलेला पेपर म्हणजे त्याच एका गणिताचे वाढलेले रूप.

सरकारी नोकरी करणारे आम्ही लोक हे रोज पाहतो. माप पुस्तिकेत आकडा लिहिला जातो, त्याखाली सही होते. तो आकडा टेप धरून घेतलेला आहे की टेबलावर बसून, हे फक्त सही करणाऱ्यालाच ठाऊक असते. वरचा साहेब खूश असतो, ठेकेदार खूश असतो, सहकारी म्हणतात की सगळे असेच करतात. रस्ता पहिल्या पावसात उखडतो, तेव्हा कळते. तोपर्यंत गणित बरोबरच दिसत असते.

मग मुलांना काय सांगायचे? खरे बोल, म्हणजे सगळे चांगले होईल, असे सांगणे हेच खोटे ठरेल. गोखल्यांनी खरे सांगितले आणि त्यांना वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागले. मुलांना हेही सांगावे, की किंमत पडते. पण किंमत चुकवूनही माणूस उभा राहतो, लोक परत येतात आणि त्याच्या शब्दाला वजन येते, हेही तितकेच खरे आहे. कधी दडपणाखाली वाकलास, तरी तिथेच सगळे संपत नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

आणि आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. त्या वर्गातल्या गुरुजींचे नाव कोणी सांगत नाही, पण त्या दिवशी त्यांनी त्या मुलाला फटकारले असते, तर पुढचे गोखले झाले असते का, कोण जाणे. मुलगा शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि बराच वेळ घुटमळून सांगतो, की आजचे दहापैकी दहा गुण माझे नाहीत. त्या क्षणी आई-वडिलांचा चेहरा कसा होतो, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. गुण कमी झाले म्हणून कपाळाला आठी पडली, तर मूल पुढच्या वेळी गप्प बसायला शिकते. ते शिकवायला वेगळा वर्ग लागत नाही.

गणराय बुद्धीचा दाता आहे. आरतीनंतर आपण सगळे त्याच्याकडे मुलांसाठी पहिला नंबर मागतो. यंदा नंबराबरोबर एवढेही मागावे, की ती जागा आपली नसेल तर उठून सांगण्याचे बळ आमच्या मुलांना दे, आणि ते ऐकून घेण्याचे बळ आम्हाला दे.